बोर्डाला नसलेला विषय

दुबईतल्या आमच्या भारतीय शाळेत अरबी सक्तीची होती आणि बिनमहत्त्वाचीही होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. देशाचा नियम म्हणून तास घ्यायचे, पुस्तकं आणायची, परीक्षाही द्यायची. पण भारतातल्या बोर्डाच्या दहावीला अरबी नाही, म्हणजे ती टक्क्यांत नाही, म्हणजे आईबापांच्या लेखी ती नाहीच. अरबीच्या तासाला मुलं गणिताचा गृहपाठ उरकायची, बाकाखाली डबे उघडायची, मागच्या रांगेत फुल्लीगोळा चालायचा. त्या गदारोळापुढे एक उंच, काळ्याभोर वर्णाची बाई अंगावरचं पांढरं वस्त्र सावरत उभी राहायची आणि आम्हाला चार अक्षरं यावीत म्हणून जीव तोडून ओरडायची. या बाईंबद्दल मला लिहायचं आहे. लिहिताना माझं डोकं फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. पन्नाशी उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी हा विषय निघाला की माझी कानशिलं तापतात. घरातल्यांनी आता हा विषय काढणंच सोडलं आहे.

त्यांचं नाव बतूल. सुदानमधल्या ओम्दुर्मानच्या. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, "मला मिस म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं नाही. अबला म्हणायचं. अबला बतूल." तिकडे शाळेतल्या बाईंना अबला म्हणायची पद्धत होती. मूळ अर्थ मोठी बहीण, म्हणजे आपली ताईच. पण आमचा वर्ग पडला हिंदी-मराठी-गुजराती मुलांचा. मागून कुणीतरी केविलवाणा आवाज काढून "अबला नारी" म्हणालं आणि अख्खा वर्ग फुटला. बाईंना वाटलं, वर्ग मोठा आनंदी आहे. त्याही हसल्या. त्यानंतर रोज सकाळी आम्ही उभं राहून एका सुरात "सबाह अल-खैर, अबला" म्हणायचो आणि रोज कुणाला ना कुणाला हसू फुटायचं. एका शब्दाचा विनोद किती दिवस पुरावा याला काही मर्यादा असते. आमच्या शाळेत तो कित्येक वर्षं पुरला.

त्यांच्या पाठीमागे मुलं त्यांना आणखी काय काय म्हणायची ते मी इथे लिहिणार नाही. मोठी माणसंही मागे नव्हती. अबला सकाळी गेटवर मुलांना उतरवून घ्यायच्या, तर शिशुवर्गातल्या मुलांच्या काही आयांनी तक्रार केली की मुलं घाबरतात, त्यांना गेटवर उभं करू नका. मुलं मुळीच घाबरत नव्हती. त्यांच्या वस्त्राचा, म्हणजे तोबचा, पदर धरून मागे मागे हिंडायची. घाबरल्या होत्या त्या आयाच. तरी अबलांना गेटवरून काढून मागच्या बाजूला, बसेस उभ्या राहायच्या तिथे नेमलं, उन्हात. आमच्या मराठी घरांत रंगाला केवढे शब्द! गोरी, निमगोरी, गव्हाळ, फार तर सावळी. माझी आई चांगली काळी होती, पण तिला जन्मात कुणी काळी म्हटलं नाही, 'सावळी पण तरतरीत' म्हणायचे. काळा हा शब्द आम्ही परक्यासाठी राखून ठेवला होता. मराठी मंडळातल्या साठेकाकूंनी तर अबलांचा पांढरा तोब पाहून परस्पर ठरवून टाकलं की बाई विधवा आहे, आणि आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं आईचं म्हणणं हाणून पाडलं. सुदानमध्ये नोकरी करणाऱ्या बायका पांढराच तोब नेसतात, हे आईने सांगूनही काही उपयोग झाला नाही. बिचारा नवरा खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर कामाला होता, दर पंधरवड्याला धडधाकट घरी यायचा.

आई त्याच शाळेत मधल्या वर्गांना गणित शिकवायची. आम्ही करामा वस्तीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. खाली एक कॅफेटेरिया, तिथल्या पोऱ्याची "दो चाय, एक पराठा" ही आरोळी पहाटेपासून सुरू व्हायची. खिडकीतला एसी इतका खडखडायचा की बंद केला की घरातली माणसं एकमेकांवर ओरडल्यासारखी बोलत राहायची आणि मग स्वतःच दचकायची. बाबा एका कंत्राटदार कंपनीत होते. धाकटा मंदार पाचवीत. त्याच्याशी मराठीत बोललं की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि बाबांचा जेवणावरून मूड जायचा. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी आई ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, कारण बाकीचे दिवस आमचं खबूसवर भागायचं. खबूस आणि पिठलं, खबूस आणि भरलं वांगं. बाबा म्हणायचे, या पावाने माझ्या पिठल्याचा सत्यानाश केला.

अशाच एका शुक्रवारी अबला आमच्याकडे पहिल्यांदा आल्या. आईला शाळेत त्यांच्यासारखं सडेतोड बोलणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून दोघींचं जमलं होतं. अबला सरळ स्वयंपाकघरात आल्या, परातीतलं पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि ओरडल्या, "उम्म फैजू! ये दुरा है! हमारा दुरा!" ज्वारीला त्यांच्याकडे दुरा म्हणतात. पुढच्या शुक्रवारी त्यांनी डब्यातून किस्रा आणली. ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरायचं, आमच्या आंबोळीच्या नात्यातलीच म्हणावी अशी, आणि बरोबर सुकवलेल्या भेंडीचं कालवण. बाबांनी ते बोटं चाटून खाल्लं. उम्म फैजू म्हणजे फैजूची आई. अरबीत इंग्रजी व्हीचा उच्चार नाही, म्हणून माझ्या वैजूचं फैजू झालं. आता यात मला केवढं सुख होतं हे सांगायलाच हवं. मी मोठी असूनही अख्ख्या करामात माझ्या आईला 'मंदारची आई' म्हणायचे. अबलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, थोरलं कोण? आणि ज्याचा मान त्याला देऊन टाकला. कुणाचं काय आहे ते नीट विचारून घेऊन तसंच म्हणायचं, ही त्या बाईंची सवय होती. आमच्या शाळेने त्यांच्या बाबतीत तेवढंही केलं नाही.

वर्गात मात्र त्या कडक. अरबीत ऐन नावाचं एक अक्षर आहे, ते घशाच्या तळातून काढावं लागतं. आम्ही सरळ 'अ' म्हणून मोकळे व्हायचो. अबलांना ते चालत नसे. स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून त्या पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायच्या, एकेका बाकापाशी येऊन. वर्ग खच्चून भरलेले, एसीचा आवाज, पोरांचा कालवा, आणि तिसरीपासून नववीपर्यंतचे अरबीचे सगळे तास एकट्या त्यांच्या डोक्यावर. त्यात कुणी गैरहजर असलं की बदली तासालाही त्यांनाच पाठवायचे, कारण अरबीच्या बाईंना कसल्या आल्यात वह्या तपासायच्या! स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. जागा नाही म्हणे. प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत एक बाक होता, त्यावर त्या दोन तासांच्या मधे बसायच्या, बाटल्या आणि तुटक्या स्टँडच्या संगतीत. आईने एकदा आपली खुर्ची तिथे उचलून नेली, तर दुसऱ्या दिवशी शिपायाने ती परत आणून ठेवली.

मी नववीत गेले त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधीच अबलांचा आवाज बसायला लागला. आधी दुपारनंतर बसायचा, मग सकाळीच बसलेला असायचा. आईने जे जे म्हणून घरात होतं ते केलं. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. अबलाही घरून लाल करकदेचं, म्हणजे अंबाडीच्या फुलांचं, सरबत करून आणायच्या. सुट्टीत थोडं बरं वाटलं आणि शाळा उघडून आठवडाही झाला नाही तो पुन्हा तेच. शेवटी आई त्यांना करामातल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. नाहीतर आवाज जाईल, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही पूर्वीसारखा येईलच असं नाही. शिक्षिकेचा आवाज गेला म्हणजे नोकरी गेली, आणि तिकडे नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. ओम्दुर्मानला दोन मुलं आजीजवळ राहून शिकत होती. जिना उतरताना अबला एवढंच म्हणाल्या, "उम्म फैजू, एक महीना चुप? मेरे को कौन देगा?"

"मी देते मिळवून," आई म्हणाली. आईला प्रत्येक गोष्ट गणितासारखी वाटायची, नीट मांडली की उत्तर आलंच पाहिजे अशी. तिने प्रिन्सिपॉल सरांसमोर सगळं मांडलं. महिनाभर अबलांना रजा द्या. ती जमत नसेल तर निदान त्यांनी फक्त फळ्यावर लिहावं. वर्ग सांभाळायला आम्ही काहीजणी आपापले मोकळे तास देतो. सर हसले म्हणे. घरी येऊन आईने त्यांची नक्कल करून दाखवली. "मॅडम, आप क्यों टेन्शन लेती हैं? अरेबिक बोर्ड का सब्जेक्ट नहीं है. रिझल्ट कोई पूछता नहीं. उनको बोलिए, चिल्लाना जरूरी नहीं है, क्लास में जाके बैठ जाएँ बस. इसके लिए मैं लीव्ह कैसे दूँ?" म्हणजे विषयाला किंमत नाही, म्हणून त्यातल्या कष्टालाही नाही. वर "इन्शाल्ला, टर्म के बाद देखेंगे" या वाटाण्याच्या अक्षता. आई त्या दिवशी भांडी घासत होती की फोडत होती ते कळत नव्हतं. बाबा म्हणाले, "अगं, सोड. दुसऱ्याच्या देशात आहोत आपण." आई म्हणाली, "दुसऱ्याच्या देशात? सर आपले, शाळा आपली, मुलं आपली. परकं कोण आहे त्यात? ती बाई?"

त्याच सुमारास साठेकाका आमच्याकडे आले. त्यांचा मसाल्यांचा आणि डबाबंद सामानाचा व्यापार. शाळेच्या पालक समितीवर होते, मराठी मंडळाचे तर सर्वेसर्वा. माणूस मनाने वाईट नव्हता, कुणाच्याही मदतीला धावायचा, पण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. आईचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो वहिनी, एवढंच ना? आपण बाईंचा सत्कार करू! शिक्षकदिन आलाच आहे."

"सत्कार नको हो काका, रजा हवीये," आई म्हणाली.

"ऐका तर. आज त्या बाईंना शाळेत ओळखतं कोण? स्टेजवर आल्या, शाल-श्रीफळ झालं, मॅनेजमेंटच्या माणसांनी स्वतःच्या हातानं दिलं, म्हणजे मग नाही कसं म्हणतील? रजा काय, आपोआप मिळते. माझ्यावर सोडा."

आईला ते पटलं. खरं तर पटलं नव्हतं, पण दुसरा काही मार्गही नव्हता, आणि इतकी वर्षं राबणाऱ्या बाईंचं कुणीतरी जाहीर कौतुक करावं असं तिलाही वाटत होतंच. तिने अबलांना सांगितलं. अबलांनी विचारलं, सत्कार म्हणजे काय? आईने अंगाभोवती शाल घेतल्याची खूण केली. अबला खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघून घोगऱ्या आवाजात हसल्या आणि म्हणाल्या, "शाल? दुबई में?"

शिक्षकदिनाला सगळी शाळा सभागृहात जमली. पालकही आले होते. बोर्डाचा निकाल चांगला लावणाऱ्या शिक्षकांचे सत्कार आधी झाले, ते बराच वेळ चालले. मी नववीच्या रांगेत कडेला होते आणि आई माझ्या मागेच, मंदारला घेऊन. निवेदन साठेकाकांकडे. सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध, हातात माइक. शेवटी अबलांचं नाव पुकारलं. त्या नवा, कडक इस्तरीचा पांढरा तोब नेसून आल्या होत्या. काकांनी मोठ्याने सुरुवात केली, "अब हम एक ऐसी टीचर का सन्मान करने जा रहे हैं, जो दूर अफ्रीका से आई हैं. हमारी मेहमान हैं." मेहमान! कितीतरी वर्षं त्या शाळेत ऊन खाल्लेली बाई मेहमान. आई मागे चुळबुळली. काका थांबले, त्यांनी सभागृहावर एक नजर टाकली. मला त्या क्षणी कळलं की आता काय येणार आहे. "भाइयों और बहनों," काका म्हणाले, "इनका नाम अबला है, लेकिन काम से ये अबला नहीं, सबला हैं, सबला!"

सभागृह कोसळलं. मुलं बाकं बडवायला लागली, कित्येक वर्षांचा दबलेला विनोद आज अधिकृतपणे माइकवरून झाला होता. पालक हसले, शिक्षक हसले, समितीचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. काकांना वाटलं आपण बाईंचा केवढा गौरव केला. खरंच तसं वाटत होतं त्यांना, हीच तर चीड आहे. आजही एखाद्या सभेत कुणी 'अबला नव्हे सबला' म्हणालं की मी उठून बाहेर जाते; माझ्या नणंदेला वाटतं मला पाठदुखी आहे. अबलांची हिंदी कामापुरती, त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्या छातीवर हात ठेवून चहूकडे मान झुकवत होत्या. तोबवर शाल पडली, हातात नारळ आला, प्रिन्सिपॉल सर फोटोसाठी त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

इथवरही चाललं असतं. पण आपल्याकडे सत्कार केला की सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे असतात, त्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. काकांनी माइक पुढे केला. "अब अबला मॅडम दो शब्द कहेंगी." आई ताडकन उठली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन नको नको अशी खूण करायला लागली. काकांना वाटलं ती टाळ्या वाजवायला सांगते आहे, म्हणून त्यांनीही सभागृहाकडे हात हलवले, "जोरदार तालियाँ!" ज्या बाईंना डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली होती, त्यांच्या तोंडासमोर माइक धरून सगळी शाळा टाळ्या पिटत होती. आणि हा सगळा घाट कशासाठी, तर त्यांना गप्प बसायला मिळावं म्हणून! मला ओरडावंसं वाटत होतं. अबलांनी काकांकडे बघून दोन बोटं वर केली, दोन? काकांनी मान डोलावली, दो, बस दो.

अबलांनी माइक घेतला, क्षणभर थांबल्या, आणि त्यांच्या उरलेल्या आवाजात दोनच शब्द बोलल्या. "अना ताबाना."

त्यातला ऐन उमटलाच नाही, घशातच राहिला. त्यांनी माइक परत दिला. काका म्हणाले, "वाह! शुक्रिया, शुक्रिया!" आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. प्रिन्सिपॉल सरही वाजवत होते, शेजारच्याला सांगत होते, शी इज थँकिंग अस.

मला बरं नाही. मी थकले आहे. अरबीत दोन्हीला एकच शब्द आहे, ताबाना. तो सभागृहातल्या प्रत्येक मुलाला येत होता, कारण तो अबलांनीच आम्हाला शिकवला होता. तासाला पोट दुखलं, डोकं दुखलं, बाहेर जायचं असलं तर इंग्रजीत नाही सांगायचं, अरबीत सांगायचं. मुलगी असेल तर ताबाना, मुलगा असेल तर ताबान. आमच्या वर्गाला येत असलेलं बहुधा ते एकच अरबी वाक्य. तास टाळायचा असला की आम्ही ते बिनधास्त ठोकायचो, आणि खोटं आहे हे दिसत असूनही उच्चार नीट असेल तर अबला सोडायच्या. ते दोन शब्द म्हटले आणि त्यांनी जाऊ दिलं नाही असं एकाही मुलाच्या बाबतीत झालं नव्हतं. मी रांगेत पाहिलं. काही मुलांचे हात थांबले होते. बाकीची वाजवतच होती. मागून मंदार म्हणाला, "आई, she said she's not well. Why are they clapping?"

कार्यक्रमानंतर बाहेर समोसे आणि सरबत होतं. आईने मला हाताला धरून तडक प्रिन्सिपॉल सरांपुढे उभं केलं. "वैजू, सरांना सांग अबला काय म्हणाल्या ते." मी सांगितलं. सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "व्हेरी गुड! सी, शी हॅज टॉट यू सो वेल." मग आईला म्हणाले, "मॅडम, आप भी कमाल करती हैं. अभी तो इतना बडा सत्कार हो गया. अब और क्या चाहिए?"

"छुट्टी," आई म्हणाली. "वही चाहिए था."

सर समोसा खाता खाता दुसऱ्या पालकांकडे वळले. साठेकाका जवळच उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. ते आईला म्हणाले, "वहिनी, पण कार्यक्रम छान झाला ना?" आई त्यांच्याशी कित्येक महिने बोलली नाही. मला वाटतं, सत्कार ही आपल्या लोकांची हात झटकायची सगळ्यात सभ्य रीत आहे. माणसाला जे हवं ते द्यायचं नसलं की त्याच्या अंगावर शाल घालायची. मागणारा एकदम उपकाराखाली येतो आणि देणाऱ्याचा फोटो निघतो. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच, फक्त हार घालून.

पुढचं लिहायला फारसं नाही. अबला शिकवत राहिल्या. आई आपल्या मोकळ्या तासांना जाऊन त्यांच्या वर्गात बसायची, मुलांना दटावायची. ती असेपर्यंत मुलं गप्प, ती गेली की पुन्हा कालवा. दिवाळीनंतर अबलांचा आवाज पुरता गेला. त्या फळ्यावर लिहायच्या, टेबलावर डस्टर आपटायच्या. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्याच पालकांच्या, ज्यांच्या लेखी तो विषय नव्हताच! ज्या बाई बोलू शकत नाहीत त्या शिकवणार काय, असा सवाल झाला, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत व्हिसा कॅन्सल. खलास. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा आईच बोलत राहिली, ऑपरेशन कुठे करणार, मुलं कशी आहेत, तिकडे गेल्यावर कुणाच्या तरी फोनवरून कळवा, आणि मग तिच्याच लक्षात आलं की फोनवर त्या बोलणार कशा. अबलांनी तिचा हात हातात घेऊन नुसती मान हलवली. जाताना माझा गाल धरला. त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. खोर फक्कानला बाबांनी एकदा चौकशी केली, तेव्हा नवराही काम सोडून गेला होता.

सुट्टीनंतर नव्या बाई आल्या. लेबननच्या, गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या. प्रिन्सिपॉल सरांनी वर्गात आणून ओळख करून दिली, "दिस इज मिस रीम." मिस. अबला म्हणायचं कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे कुणी हसलंही नाही. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ त्यांच्यासाठी खुर्ची आणि कपाट आधीच मांडून झालं होतं, आई म्हणाली, जागा कुठून आली देव जाणे. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शिकवायच्याही बऱ्या.

थंडी जाता जाता एक दिवस आई शाळेतून आली, पर्स टेबलावर ठेवली आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, काय झालं?

"रीमला आठवडाभर रजा दिली," आई म्हणाली. "सर्दी झालीय, आवाज बसलाय. सर स्वतः स्टाफरूममध्ये आले होते. म्हणाले, 'मिस रीम, आप घर जाइए, गले को आराम दीजिए. अरेबिक ही तो है, बोर्ड का सब्जेक्ट थोडे ही है!'"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मग? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तिचा घसा खरंच बसलाय," आई म्हणाली, आणि ओट्याला टेकून रडायला लागली.